पेपर छापून आला, पुढे काय झालं?

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरच्या औषधोपचारांचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि मद्रास सरकार या चौघांनी मिळून ते उभं केलं. टीबी झालेल्या माणसाला घरापासून लांब सॅनिटोरियममध्ये ठेवायचं, मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार द्यायचा, अशी तेव्हाची रीत होती. आपल्याकडची मिरजेजवळची वानलेसवाडी किंवा पाचगणीचं बेल-एअर ही त्याच काळातली ठिकाणं. पण खाटा मोजक्या आणि रोगी लाखोंनी. मद्रासच्या केंद्राने शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रोगी घेतले, त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. वर्षअखेर सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के रोग्यांचा आजार आटोक्यात आला होता, तर घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा. रोगी घरात राहिल्यामुळे घरातल्या इतरांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि पुढच्या काही वर्षांत जगभर टीबीचा उपचार घरी आला.

सरकारी पैशातून होणाऱ्या आरोग्य संशोधनाचं मोल कसं ठरवायचं, हा प्रश्न निघाला की मला सर्वात आधी हा अभ्यास आठवतो. त्यातून पेटंट निघालं नाही, नवं औषध निघालं नाही, कुठल्या कंपनीला परवाना विकता आला नाही. खाट मिळाली नाही तरी माणूस बरा होऊ शकतो, एवढंच त्याने सिद्ध केलं. आज आपण संशोधनाच्या यशाचे म्हणून जे आकडे मागतो, म्हणजे किती पेपर, किती पेटंटं, किती रॉयल्टी, त्यांपैकी एकाही रकान्यात या अभ्यासाची खरी किंमत मावत नाही.

या अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. सॅनिटोरियममधल्या रोग्यांना चांगलं जेवण मिळत होतं आणि घरच्यांना जेमतेम, तरीही दोघे जवळपास सारखेच बरे झाले. त्यावरून निष्कर्ष निघाला की औषधं नीट घेतली तर रोग बरा होण्यासाठी आहार निर्णायक नाही. विचारलेल्या प्रश्नापुरतं ते उत्तर बरोबर होतं. पण पुढच्या काळात टीबीच्या कार्यक्रमांमध्ये अन्न हा विषयच मागे पडला आणि त्याला या निष्कर्षाचं ढोबळ वाचन कारणीभूत ठरलं, असं या क्षेत्रातले काही जाणकार मानतात. मला ते पटतं. गोळ्या दिल्या की काम झालं, ही समजूत साठ वर्षं टिकली.

मग २०१९ मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास सुरू झाला. पैसा आयसीएमआरचा. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने तो झाला आणि मद्रासच्या त्याच केंद्राचा आजचा अवतार, म्हणजे चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, त्यात सहभागी होती. फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रोग्याला दरमहा दहा किलोंचा शिधा दिला: तांदूळ, डाळी-कडधान्यं, दुधाची भुकटी, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निम्म्या भागांत रोग्याच्या घरातल्या प्रत्येक माणसालाही महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. उरलेल्या भागांत ती दिली नाही. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, जिथे घरच्यांना शिधा मिळत होता तिथे घरात नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी. साधारण तीस कुटुंबांना शिधा दिला की टीबीचा एक रोगी टळतो, असा हिशेब निघाला. तांदूळ आणि डाळीने एवढं साधतं, हे आपल्याच देशात, आपल्याच पैशाने, काटेकोर चाचणी करून २०२३ मध्ये सिद्ध झालं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

१९५९ च्या आणि २०२३ च्या या दोन अभ्यासांचं मूल्यमापन करायला बसलं तर कुठून सुरुवात करणार? पहिल्याचं यश साऱ्या जगाने पाहिलं, त्याची सावली दिसायला सहा दशकं लागली. दुसऱ्याचं फळ अजून ठरायचं आहे, आणि ते संशोधकांच्या हातात नाही. ते राज्याच्या पुरवठा विभागाच्या, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याच्या आणि वित्त खात्याच्या हातात आहे. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. सरकारी पैशाच्या आरोग्य संशोधनाचं मूल्यमापन म्हणजे संशोधकाची परीक्षा, असं आपण धरून बसलो आहोत. खरी परीक्षा व्हायला हवी ती पैसे देणाऱ्याची. ज्या सरकारने प्रश्न विचारायला पैसे दिले, त्याने उत्तर वाचून काय केलं?

संशोधकाचा हिशेब आपली व्यवस्था घेतेच, आणि बारकाईने घेते. अनुदान मिळालेल्या कुणालाही विचारून पाहा. प्रत्येक आर्थिक वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसतं ‘यूसी’ म्हणतात, खर्चाचा तक्ता, उपकरणांची यादी, शिल्लक रकमेवरचं व्याज. एक कागद अडला तर पुढचा हप्ता अडतो आणि प्रकल्पावर नेमलेल्या परिचारिकेचा पगार थांबतो. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब हवाच. पण प्रकल्प संपला, शेवटचा अहवाल गेला, पेपर छापला की फाईल बंद होते. या निष्कर्षावर आरोग्य खात्याने काय ठरवलं, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो, कारण त्याचं उत्तर द्यायचं ते खात्याने.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य संशोधन विभागासाठी सुमारे ३,९०० कोटी रुपये ठेवले होते. आरोग्य मंत्रालयाच्या एकूण तरतुदीच्या मानाने हा आकडा चार टक्क्यांच्या घरातला होता. एवढ्या थोड्या पैशात जे चांगलं हाती लागतं, ते वापरलं नाही तर नुकसान दुहेरी होतं.

न वापरण्याचा अर्थ काय होतो, ते मुंबईतल्या एका अभ्यासावरून नीट दिसतं. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या वीस झोपडपट्टी-समूहांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचं, म्हणजे भारत सरकारचं. चाचणीसाठीचं मुख्य अनुदान अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं, म्हणजे तेही करदात्यांचंच, फक्त दुसऱ्या देशातल्या.

तपासणी अशी: दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. वस्तीतच एखादी खोली मिळवायची, टेबल मांडायचं, चांगला उजेड घ्यायचा. गर्भाशयाच्या मुखाला कापसाच्या बोळ्याने चार टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं. ते म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे. नमुना प्रयोगशाळेत पाठवायला नको, पंधरा दिवसांनी परत बोलावायला नको, आणि पुन्हा बोलावलेली बाई मजुरी बुडेल म्हणून आलीच नाही असंही होत नाही. पांढरा डाग दिसला तर पुढच्या तपासणीसाठी टाटामध्ये. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. २०१३ मध्ये शिकागोला कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वात मोठ्या परिषदेत हे निष्कर्ष मुख्य सत्रात मांडले गेले.

याच सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाला धरून दुसरी मोठी चाचणी झाली. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता, सरकारी नव्हता. पण प्रश्न तोच आणि बायका आपल्याच. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू. त्याच्या एकदाच केलेल्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये तिथून जगाला कळलं. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली.

म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी गरीब वस्तीत कशी करावी, या प्रश्नाची जगातली दोन महत्त्वाची उत्तरं महाराष्ट्रातल्या बायकांनी दिली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरच्या बायकांची व्हिनेगरने तपासणी करण्याची मार्गदर्शक चौकट काढली, हे खरं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातल्या किती बायकांची आयुष्यात एकदा तरी या कॅन्सरची तपासणी झाली होती? देशभरात दोन टक्क्यांहूनही कमी. या कॅन्सरने भारतात दरवर्षी पंच्याहत्तर हजारांहून जास्त बायका जातात.

आता कुणी मुंबईच्या अभ्यासाचं मूल्यमापन नेहमीच्या पद्धतीने केलं, तर तो उत्तम गुणांनी पास होईल. नामांकित नियतकालिकात पेपर, शेकडो संदर्भ, परिषदेत मान. आणि दोन टक्के? ते कुणाच्या प्रगतिपुस्तकात लिहायचे? डॉ. शास्त्रींच्या नक्कीच नाही.

या अभ्यासावर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला होता. तुलनेसाठीच्या गटातल्या सुमारे ७६ हजार बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही, हे नैतिक आहे का? देशात तेव्हा नियमित तपासणी नव्हतीच, त्यामुळे त्यांना मिळणारं काही हिरावून घेतलं नाही, असं संशोधकांचं उत्तर होतं. हा वाद मी इथे निकालात काढत नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. असं संशोधन नैतिक ठरतं ते नंतर उत्तर सर्वांपर्यंत पोचणार आहे, या भरवशावर. निष्कर्ष छापून झाल्यावर तपासणी पोचली नाही, तर तुलनेच्या गटातल्या बायकांनी जे सोसलं त्याची भरपाई झालीच नाही. संशोधनाच्या परिणामाचा हिशेब मागणं हा म्हणूनच निव्वळ पैशाचा मामला नाही. ज्यांनी आपलं शरीर दिलं त्यांच्या देण्याचाही तो हिशेब आहे.

याउलट एखादा निष्कर्ष धोरणापर्यंत पोचतो तेव्हा काय घडलेलं असतं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांमध्ये तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापलं. आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला २०११ मध्ये. मधली बारा वर्षं काय चाललं होतं? महाराष्ट्रातल्या इतर संस्थांनी आपापल्या भागात हे करून पाहिलं. आयसीएमआरने इतर राज्यांत ते सरकारी चौकटीत चालतं का, याची चाचणी घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत आशा आल्या. निष्कर्ष उतरायला जमीन मिळाली ती तेव्हा. बंग दांपत्याची चिकाटी तर सर्वांना ठाऊक आहे, पण आशा नसत्या तर ही पद्धत गडचिरोलीच्या बाहेर कितपत गेली असती?

यातून मला जे दिसतं ते असं, की परिणाम हा एकट्या अभ्यासाचा गुण नसतो. तो अभ्यास आणि यंत्रणा या जोडीचा असतो. म्हणून ‘तुमच्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला ते लिहा’ असं संशोधकालाच विचारणं मला चुकीचं वाटतं. ब्रिटनने हे करून पाहिलं. तिथे विद्यापीठांच्या संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात २०१४ पासून अशा परिणामांच्या कहाण्यांना गुण असतात, आधी वीस टक्के, २०२१ मध्ये पंचवीस. त्यातून कितीतरी चांगली कामं लोकांसमोर आली, हे मान्य करायला हवं. पण ज्या गुणांवर पैसा ठरतो ते मिळवण्यासाठी कहाण्या घडवल्या जातात, आणि दहा जणांच्या कामाचं श्रेय एका विभागाच्या नावे जमा होतं. फसलेला प्रयत्न तर कुणी लिहूनच देत नाही.

आपल्याकडे अशी पद्धत जशीच्या तशी आणली तर काय होईल, याचा अंदाज बांधणं कठीण नाही. डॉ. समिरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या काळातलं देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचं संशोधन तपासलं होतं. त्यांपैकी ३३२ संस्थांनी दहा वर्षांत एकही पेपर छापलेला नव्हता. दुसरीकडे बढतीसाठी पेपर सक्तीचे झाले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळालं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध नुसते सादर करण्यासाठी लिहिले जातात, हे कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयातले निवासी डॉक्टर सांगतील. तिथे ‘परिणाम’ नावाचा आणखी एक रकाना वाढवला, तर तोही तसाच भरला जाईल.

फसलेल्या प्रयत्नांबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण त्यांच्यावर सर्वात जास्त अन्याय होतो. १९६८ मध्ये तमिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात बीसीजी लशीची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. पंधरा वर्षांचा पाठपुरावा झाला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ही लस संरक्षण देत नाही, हा निष्कर्ष निघाला. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं त्यात घातली त्यांना तो किती जड गेला असेल. पण हे कळलं नसतं तर लस टोचली म्हणजे टीबीचा बंदोबस्त झाला, या समाधानात देश राहिला असता. मुंबईच्या त्याच टाटा चाचणीत स्तनांची हाताने तपासणीही होती. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी, त्याखालच्या वयात फायदा दिसला नाही. ‘इथे फायदा नाही’ हे कळणंही तितकंच मोलाचं आहे. त्यामुळे आशाताईंचा वेळ आणि खात्याचा पैसा कुठे घालायचा नाही, ते समजतं.

रॉयल्टीचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विषाणू वेगळा करून दिला, आयसीएमआरने चाचण्यांना पैसा दिला आणि २०२२ च्या सुरुवातीपर्यंत परिषदेला १७० कोटींहून अधिक रॉयल्टी मिळाली. चांगलं झालं. लोकांच्या पैशातून निघालेल्या वस्तूच्या नफ्यात लोकांचा वाटा असलाच पाहिजे. पण तोच मापदंड ठरवला, तर डाळ-तांदळाच्या अभ्यासाला यापुढे कोण पैसे देईल?

मूलभूत संशोधनाचं काय, असं कुणी विचारेल, आणि ते रास्त आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरस या जुलाब घडवणाऱ्या विषाणूचा एक निराळा प्रकार सापडला. त्याची लागण होऊनही बाळांना जुलाब झाले नव्हते. त्यातून रोटाव्हॅक लस तयार झाली. तिच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीत पुण्याजवळच्या वढू इथलं केईएमचं संशोधन केंद्रही होतं, आणि २०१६ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली. १९९५ मध्ये कुणी या कामाचा परिणाम मोजायला गेला असता तर पाटी कोरीच दिसली असती. अशा संशोधनाला घाई लावू नये. मी बोलतोय ते ‘हा उपाय चालतो का’ असं थेट विचारणाऱ्या अभ्यासांबद्दल. तिथे उत्तर हातात येतं, त्यामुळे उत्तराचं काय केलं हे विचारता येतं.

माझी मागणी साधी आहे. सरकारच्या पैशाने झालेल्या अशा प्रत्येक अभ्यासाचे निष्कर्ष आले की वर्षभरात आरोग्य मंत्रालयाने लेखी उत्तर जाहीर करावं: स्वीकारलं, नाकारलं, की आणखी पुरावा हवा. नाकारायचा पूर्ण अधिकार सरकारला आहे. पैसा नसेल, मनुष्यबळ नसेल, त्याहून चांगला उपाय हाती असेल. पण कारण सांगावं. ‘रेशन्स’चंच बघा. निष्कर्ष आल्यानंतर सव्वा वर्षात निक्षय पोषण योजनेतली, म्हणजे टीबीच्या रोग्यांना आहारासाठी मिळणारी दरमहा मदत ५०० रुपयांवरून १,००० झाली, कमी वजनाच्या रोग्यांना पूरक आहार द्यायचं ठरलं, आणि निक्षय मित्रांच्या म्हणजे देणगीदारांच्या शिध्यात घरच्यांनाही सामावून घेण्याचा निर्णय झाला. एवढ्या लवकर हालचाल झाली याचं कौतुकच करायला हवं. मात्र चाचणी झाली ती घरातल्या प्रत्येकाला हमखास मिळणाऱ्या शिध्याची. रोग्याच्या खात्यात पडणारी रोख रक्कम आणि देणगीदार मिळाला तर मिळणारी पिशवी, ही वेगळी गोष्ट आहे. तिचाही ३९ टक्के परिणाम होईल, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. रेशन दुकानांचं जाळं देशभर असताना हा बदल कशासाठी केला, ते सरकारने लिहून द्यावं, आणि नव्या स्वरूपाचा काय परिणाम होतो ते मोजावं.

हे उत्तर तपासणार कोण, हाही प्रश्न आहे. आरोग्य संशोधन विभागाचा सचिव आणि आयसीएमआरचा महासंचालक ही एकच व्यक्ती असते. पैसे देणारी आणि संशोधन करणारी खुर्ची एकच असेल, तर तपासणी तिच्याकडे सोपवता येणार नाही. संसदेची आरोग्यविषयक स्थायी समिती आहे, महालेखापरीक्षक आहेत. दोघेही आरोग्य योजनांचे अहवाल देतात. त्याच अहवालांमध्ये ‘कोणत्या निष्कर्षाचं काय झालं’ यावर एक प्रकरण घालता येईल. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यालाही यातून सुटका नाही. मुंबई, धाराशिव आणि गडचिरोली या तिन्ही ठिकाणच्या निष्कर्षांना आपल्या तालुक्यातालुक्यांत काय जागा मिळाली, तपासणीच्या टेबलापर्यंत किती बायका पोचल्या, हे विधिमंडळात सांगायला केंद्राची परवानगी लागत नाही. पुढच्या अधिवेशनात तीस वर्षांवरच्या बायकांच्या तपासणीचा जिल्हावार आकडा एखाद्या आमदाराने मागावा, आणि तो पटलावर येईपर्यंत मागत राहावा.